पंधरा दिवस पारोशी राहिली तरी चालेल

गेल्या दिवाळीतली गोष्ट. भाऊबीजेला दवाखाना बंद ठेवायचा असे ठरवले होते. पण सकाळी साडेनऊलाच एक गृहस्थ आपल्या शाळकरी मुलाला घेऊन दारात उभे. मुलाच्या हातात चादरीत गुंडाळलेली चिंगी. चिंगी म्हणजे त्यांची दोन वर्षांची गावठी कुत्री. वसुबारसेच्या आदल्या दिवशी मीच तिचे पिल्ले न होण्याचे ऑपरेशन केले होते. चादर बाजूला केली, तर पोटावरची जखम दोन ठिकाणी उसवलेली, कडा सुजलेल्या, पू येत होता आणि वासही सुटला होता.

“हिला पाणी लागले का?” मी विचारले.

गृहस्थ ओशाळून म्हणाले, “डॉक्टरसाहेब, नरकचतुर्दशीला घरातल्या सगळ्यांची पहाटे अभ्यंगस्नाने झाली. आई म्हणाली, दिवाळीच्या दिवशी ही एकटीच पारोशी कशी राहील? अंगाला औषधाचा वासही येत होता. म्हणून उटणे लावून कढत पाण्याने आंघोळ घातली. जखमेवर हळद दाबली.”

आजींनी हे सारे मायेपोटी केले होते. तेव्हा दोष द्यायचाच तर थोडा मलाही द्यावा लागेल. आंघोळ घालू नका हे मी जाता जाता एकदाच सांगितले होते आणि ती का घालायची नाही, हे सांगायचे राहूनच गेले होते. कारण कळले नाही की सूचना लक्षात राहत नाही. म्हणून आज तो विषय सविस्तर मांडत आहे. ज्यांच्या घरी कुत्री आहे आणि तिचे ऑपरेशन व्हायचे आहे किंवा नुकतेच झाले आहे, त्यांनी हे कात्रण जपून ठेवावे.

ऑपरेशनमध्ये नेमके काय होते?

कुत्री साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते आणि गाभण राहिल्यास सुमारे ६३ दिवसांनी विते. नको असलेली पिल्ले टाळणे हा या ऑपरेशनचा एक फायदा. दुसरा फायदा तिच्या स्वतःच्या जिवाचा. ऑपरेशन न केलेल्या, वय झालेल्या कुत्र्यांमध्ये गर्भाशयात पू साठण्याचा आजार बऱ्याच वेळा आढळतो आणि वेळेवर उपचार न झाल्यास त्यात कुत्री दगावते. गर्भाशयच काढून टाकले की हा धोका उरत नाही.

या शस्त्रक्रियेत पूर्ण भूल देऊन पोटावर मध्यभागी छेद घेतात आणि दोन्ही अंडाशये व गर्भाशय काढतात. मग पोट थराथराने शिवतात. सर्वांत आत स्नायूंच्या आवरणाचा थर, त्यावर चरबीचा थर आणि सर्वांत वर कातडी. आतले टाके आपोआप विरघळतात. वरचे टाके कधी विरघळणारे, तर कधी काढावे लागणारे असतात. कोणते घातले आहेत, ते डॉक्टरांना त्याच दिवशी विचारून घ्यावे.

म्हणजे आपल्याला बाहेरून चार बोटांची रेघ दिसते, पण आत मोठे काम झालेले असते. ती तिसऱ्या दिवशी शेपूट हलवत दाराशी येते, म्हणून आपण समजतो की ती बरी झाली. वस्तुतः कातडी नीट जुळायला दहा ते चौदा दिवस लागतात आणि आतल्या थरांना पूर्वीची ताकद यायला त्याहूनही बरेच आठवडे.

पाण्याशी वैर का?

ताज्या जखमेच्या दोन्ही कडांमध्ये रक्तातला चिकट पदार्थ गोठून एक पातळ सांधा तयार होतो. नवी कातडी त्याच्या आधाराने वाढते. पाण्याने हा सांधा भिजून मऊ पडतो. शिवाय अंगावरचा मळ, केसांतले जंतू आणि साबणाचा फेस पाण्याबरोबर वाहत पोटाकडेच येतात आणि टाक्यांच्या छिद्रांतून आत शिरतात. पोटाखालचा भाग लवकर वाळत नाही. ओल, ऊब आणि जंतू एकत्र आले की पू धरायला वेळ लागत नाही.

तेव्हा या पंधरवड्यात स्वच्छता म्हणजे आंघोळ नव्हे. स्वच्छता म्हणजे कोरडेपणा. एवढे एक वाक्य लक्षात ठेवले, तरी निम्मे काम झाले.

आंघोळ घालायचीच असेल, तर ती ऑपरेशनच्या दोन-तीन दिवस आधी घालावी. अंग पूर्ण वाळवावे, केस विंचरावेत, गोचिडे व पिसवा असतील तर त्यांचा बंदोबस्त डॉक्टरांच्या सल्ल्याने तेव्हाच करावा. स्वच्छ अंगाने गेलेली कुत्री पंधरा दिवस बिनआंघोळीची सहज राहते.

पहिली रात्र

भुलेचा अंमल बारा ते चोवीस तास थोडाफार राहतो. ती झोकांड्या खाते, कण्हते, कधी जागेवरच लघवी करते. सलाईन दिले असेल तर लघवी जास्तच होते. तिला रागावू नये. खाली जुन्या सुती चादरीच्या दोन-तीन घड्या घालाव्यात आणि ओली झालेली घडी लगेच काढून घ्यावी. लघवीने भिजलेला मांड्यांचा भाग कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावा आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपावा. तांब्याने पाणी ओतू नये.

भुलेमुळे अंग गार पडते. म्हणून पांघरूण घालावे, पण गरम पाण्याची पिशवी थेट अंगाला लावू नये. गुंगीत चटका कळत नाही आणि कातडी भाजते. पूर्ण शुद्धीवर आल्यावरच आधी घोट-दोन घोट पाणी आणि मग थोडे हलके अन्न द्यावे. पहिल्या रात्री तिला पलंगावर किंवा जिन्याजवळ ठेवू नये.

तिचा बिछाना

जागा कोरडी, वाऱ्याच्या झोताबाहेरची आणि घरातल्या माणसांच्या नजरेसमोरची असावी. बिछान्याला जुनी सुती साडी, धोतर किंवा चादर उत्तम. ती रोज बदलावी, गरम पाण्यात धुवावी आणि कडक उन्हात वाळवावी. गोणपाट वापरू नये. त्याचे धागे टाक्यांत अडकतात आणि त्यातली धूळ जखमेत जाते. कडबा, भुसा, वाळू यांवरही तिला बसू देऊ नये.

आपल्याकडच्या कुत्र्यांची एक आवडती जागा म्हणजे चुलीची उबदार राख. थंडीत ती हमखास तिथे जाऊन मुटकुळे करते. या दिवसांत चुलीपुढे फळी आडवी लावावी. शेणाने सारवलेल्या जमिनीवरही उघडी जखम टेकू देऊ नये, खाली चादर हवीच. फरशी पुसताना फिनेल वापरले असेल, तर जमीन साध्या पाण्याने पुन्हा पुसून पूर्ण वाळल्याशिवाय तिला तिथे सोडू नये. ओल्या फिनेलवर पोट टेकले तर कातडीची आग होते आणि पाय चाटले तर ते पोटात जाते.

चाटणे थांबवा

“कुत्र्याच्या जिभेत औषध असते, चाटले की जखम भरते,” हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. हा समज जितका जुना तितकाच घातक आहे. लाळेत असंख्य जंतू असतात. शिवाय जीभ खरखरीत असते आणि टाका खाजू लागला की ती दातांनी ओढते. रात्रीत चार टाके उपटून काढलेल्या कुत्र्या मी पाहिल्या आहेत.

यावर उपाय म्हणजे गळ्यात घालायचा प्लॅस्टिकचा नरसाळ्यासारखा पट्टा. तो औषधांच्या मोठ्या दुकानात किंवा डॉक्टरांकडे मिळतो. नाही मिळाला तर तिच्या डोक्याच्या मापाच्या हलक्या प्लॅस्टिक बादलीचा तळ कापावा, कापलेल्या कडेवर कापडाची जाड पट्टी शिवावी आणि गळ्यातल्या पट्ट्याला तीन-चार ठिकाणी नाडीने बांधावे. कड नाकाच्या थोडी पुढे गेली पाहिजे, नाहीतर ती बरोबर वळून पोट गाठते. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटे जातील एवढी जागा ठेवावी. पहिल्या दिवशी ती दाराला धडकेल, रुसून बसेल. दया येऊन पट्टा काढू नये. जेवणाच्या वेळी काढायचा तर समोर बसून राहावे आणि जेवण झाले की परत घालावा. पट्ट्याला आतून अन्न, लाळ लागते. तो रोज पुसून कोरडा करावा.

दुसरा घरगुती उपाय म्हणजे जुना सुती बनियन. पुढचे पाय बाह्यांतून काढावेत, खालची कड पाठीवर गोळा करून सैल गाठ मारावी. जखम झाकली जाते आणि वाराही लागतो. पण लघवीला नेताना मागची बाजू वर सरकवायला विसरू नये, कारण कुत्री बसून लघवी करते आणि कापड भिजते. बनियन दिवसातून एकदा आणि भिजल्यास लगेच बदलावा. ओला बनियन आंघोळीइतकाच वाईट.

रोजची पुसापुशी

सकाळ-संध्याकाळ तिला साखळीला धरूनच बाहेर न्यावे, तेही शी-शूपुरते. चिखल, उकिरडा आणि ओले गवत टाळावे. घरी आल्यावर चारही पंजे पिळलेल्या फडक्याने पुसावेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. मागचा भाग पुसताना फडके पोटाकडून शेपटीकडे न्यावे. उलटे नेले तर शीचे जंतू जखमेकडे येतात. पंजांचे फडके वेगळे, मागच्या भागाचे वेगळे ठेवावे.

पाठ आणि मान मऊ ब्रशने विंचरावी. यानेच निम्मा मळ व सुटे केस निघतात. विंचरताना पोटाकडे जाऊ नये.

जखम मात्र रोज पाहायची, धुवायची नाही. हात साबणाने धुऊन उजेडात तिला कुशीवर निजवावे आणि नुसते पाहावे. रोज एकाच वेळी मोबाइलवर फोटो काढून ठेवल्यास कालच्यापेक्षा आज सूज वाढली की कमी झाली, हे लगेच कळते. जखमेच्या आजूबाजूला वाळलेले रक्त असेल तर उकळून थंड केलेल्या पाण्यात स्वच्छ कापसाचा बोळा भिजवून, पिळून, हलकेच टिपावे. टाक्यांवरची खपली ओढू नये. ती निसर्गाने केलेली मलमपट्टीच आहे.

जखमेवर काय लावू नये?

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधाखेरीज काहीही लावू नये, हे थोडक्यात उत्तर. पण दवाखान्यात येणाऱ्या जखमांवर मी जे जे पाहिले आहे, त्याची यादी देतो: हळद, चुना, कॉफीची पूड, राख, खोबरेल, रॉकेल, गाडीचे काळे तेल, स्पिरिट आणि फिनेल.

हळदीबद्दल बोललो की लोकांना वाईट वाटते. हळदीच्या गुणांबद्दल वाद नाही. पण स्वयंपाकघरातल्या डब्यातली हळद निर्जंतुक नसते. तिची पूड टाक्यांत बसून राहते आणि मुख्य म्हणजे तिच्या पिवळ्या रंगाखाली लाली आणि पू दिसतच नाही. चिंगीच्या बाबतीत तेच झाले. तीन दिवस घरच्यांना जखम पिवळीधमक आणि छान दिसत होती.

तीव्र जंतुनाशकांचीही तीच कथा. जोसेफ लिस्टर या इंग्रज शल्यविशारदाने १८६७ साली कार्बोलिक आम्लाने जखमेतले जंतू मारता येतात हे जगापुढे मांडले आणि शस्त्रक्रियेचा इतिहास बदलला. पण त्या आम्लाने जंतूंबरोबर शल्यविशारदांच्या हातांची सालेही निघत, म्हणून पुढे सौम्य औषधे आणि रबरी हातमोजे आले. काळ्या फिनेलमध्ये त्याच जातीची द्रव्ये असतात. जे जंतू मारते, ते नव्याने येणाऱ्या कोवळ्या कातडीलाही मारते.

तसेच, दुखते म्हणून माणसांच्या गोळ्या देऊ नयेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटॅमॉलही आपल्या अंदाजाने देऊ नये. वेदनाशामक हवेच असते, पण ते डॉक्टरांनी तिच्या वजनावरून दिलेले.

माशांचे दिवस

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत सर्वांत मोठी भीती माशांची. ओलसर, वास येणाऱ्या जखमेवर माशी अंडी घालते आणि दिवसभरात त्यातून अळ्या बाहेर पडून मांस पोखरू लागतात. म्हणून या दिवसांत तिला घराबाहेर बांधून ठेवू नये. लहान मुलांना झाकायची छत्रीसारखी मच्छरदाणी मिळते, ती दुपारी तिच्यावर ठेवावी. उष्टे अन्न तिच्याजवळ राहू देऊ नये. जखमेतून काही वळवळताना दिसले तर पेट्रोल किंवा टर्पेंटाइन ओतत बसू नका, तसेच दवाखान्यात आणा. शक्य असेल तर ऑपरेशन कोरड्या ऋतूत करून घ्यावे, हे उत्तम.

केव्हा धावत यावे?

पहिले दोन-तीन दिवस कडांना किंचित लाली, थोडी सूज आणि पहिल्या दिवशी गुलाबी पाण्याचे एक-दोन थेंब, एवढे चालते. पण पुढीलपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये.

१. जखमेतून रक्त थांबत नाही, किंवा पोट फुगत चालले आहे.
२. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या आहेत, ती उठत नाही. हे आतल्या रक्तस्रावाचे लक्षण असू शकते.
३. पू, दुर्गंधी, किंवा टाक्यांमध्ये फट.
४. जखमेखाली मऊ फुगवटा, जो वाढत आहे.
५. चोवीस तासांनंतरही अन्नाला तोंड लावत नाही, वारंवार उलट्या होतात.
६. ताप. कुत्र्याचे नेहमीचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. १०३ च्या वर गेले तर कळवावे.

आतले टाकेही सुटून आतडे बाहेर आले, तर ते आत ढकलू नये. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेले स्वच्छ कापड त्यावर ठेवावे, तिला चाटू देऊ नये आणि मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा.

एक सूचना घरच्यांसाठीही. दुखऱ्या अंगाला हात लावला तर गरीब कुत्रीही चावते. चावली किंवा दात लागून ओरखडा जरी उठला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारावे. लहान मुलांना जखमेची पाहणी करू देऊ नये.

वाचकांचे नेहमीचे प्रश्न

अंगाला फार वास येतो, पावडर किंवा अत्तर लावू का? नको. ती ते चाटते आणि पावडर जखमेत जाते. बिछाना बदला, अंग विंचरा, पिळलेल्या फडक्याने पाठ पुसा. वास जखमेतूनच येत असेल, तर तो झाकू नका, दाखवायला आणा.

ऑपरेशननंतरही मागून रक्ताचे थेंब दिसतात, ते का? ती माजावर असताना किंवा नुकतीच माजावरून गेल्यावर ऑपरेशन झाले असेल, तर काही दिवस थोडा डाग दिसू शकतो. डाग वाढत गेला किंवा रक्त ताजे लाल असेल तर लगेच कळवा. अशा कुत्रीमागे नर काही दिवस लागतात, म्हणून तिला एकटी सोडू नये.

गल्लीतल्या कुत्रीचे ऑपरेशन झाले आहे, आम्ही काय करावे? कानाचे टोक कापलेले किंवा कानाला खाच असेल, तर ती शस्त्रक्रियेची खूण समजावी. तिच्यावर बादलीने पाणी टाकू नये, मुलांना मागे लागू देऊ नये. कोरड्या जागी एखादे पोते नव्हे, तर जुनी चादर टाकावी आणि ताजे पाणी ठेवावे. जखम उसवलेली दिसली तर नगरपालिकेला किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

पहिली आंघोळ

साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी टाके काढतात. टाके काढल्यावर लगेच त्याच दिवशी आंघोळ घालू नये, छिद्रे बुजायला आणखी दोन-तीन दिवस द्यावेत. विरघळणारे टाके असतील तरीही चौदा दिवस थांबून, डॉक्टरांना एकदा जखम दाखवूनच आंघोळ घालावी. उन्हाची वेळ निवडावी, पाणी कोमट घ्यावे, कुत्र्यांसाठीचा शाम्पू वापरावा. कपड्यांचा साबण नको. पोट चोळू नये, नुसते पाणी वाहू द्यावे आणि शेवटी पोटाखालचा भाग टॉवेलने टिपून पूर्ण कोरडा करावा.

चिंगीचे पुढे काय झाले? सुदैवाने तिचे आतले टाके शाबूत होते, फक्त कातडी उसवली होती. तरीही पुन्हा भूल द्यावी लागली, जखम साफ करून कितीतरी दिवस मलमपट्टी करावी लागली. दोन आठवड्यांत संपणारे दुखणे महिनाभर लांबले. ते सगळे दिवस आजींनी तिची चादर स्वतःच्या हाताने धुतली आणि उन्हात घातली. शेवटचे टाके काढायला त्या स्वतः आल्या होत्या. चिंगीच्या पोटावरून दुरूनच नजर फिरवत त्यांनी विचारले, “आता आंघोळ कधी घालू, ते मात्र कागदावर लिहून द्या.”

मी तारीख घालून लिहून दिले. तेव्हापासून ऑपरेशन झालेल्या प्रत्येक कुत्रीच्या कागदावर औषधांच्याही वर ती तारीख लिहितो. आपल्या डॉक्टरांनी लिहिली नसेल, तर आपण मागून घ्यावी.